समासातलं ‘अगदी खरे!’

काकू, नमस्कार.

मी २९ वर्षांची. राहते पुण्यात, कर्वेनगरला, नोकरी हिंजवडीत. आमची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय, तीन महिन्यांत घर रिकामं करायचंय. माळ्यावर आजोबांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या, पुस्तकांनी गच्च भरलेल्या. आजोबा गेल्या वर्षी गेले, ९३ वर्षांचे होऊन. बाबा म्हणाले, रद्दीवाल्याला बोलव. मी म्हटलं, आधी बघते. बघायला बसले ती तीन आठवडे झाले तरी उठले नाहीये. ‘यमुनापर्यटन’ आहे, गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आहे, आणि एक बिनमुखपृष्ठाचं पुस्तक आहे, लग्नाच्या वयाच्या मुलींना उपदेश करणारं. किती शिकावं, कुठे थांबावं, सासरी कसं बोलावं, कोणाच्या हातचं खाऊ नये. प्रस्तावनेखाली ‘वर्षप्रतिपदा, शके १८५५’ एवढंच आहे.

मला वाचून हसू आलं. ‘कोणाच्या हातचं’ त्या यादीचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. कॉलेजपासूनच्या एका मैत्रिणीने लिहिलं, ‘तुला हसू येतंय, कारण त्या यादीत तुझं घर नाही.’ मी फोटो डिलीट केला. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. तिचं म्हणणं, असली पुस्तकं वाचायचीच कशाला, चांगली कमी आहेत का? बाबांचं म्हणणं, काळच तसा होता, आजच्या चष्म्यातून बघू नकोस.

खरं दुखणं पुढेच आहे. फार शिकलेली मुलगी घर मोडते, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. त्याच्याशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘अगदी खरे!’ अक्षर आजोबांचं. माझ्या इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या वेळी, वयाच्या ८२ व्या वर्षी, डबा घेऊन दोन दिवस माझ्याबरोबर रांगेत उभे राहिलेले ते हेच आजोबा. मागच्या कोऱ्या पानावर त्यांची सही आहे. १२-६-५१, अप्पा बळवंत चौक, ६ आणे.

हे सगळं वाचू का? आणि त्या पेन्सिलीचं काय करू?

– ट्रंकेशेजारी बसलेली

*

ट्रंकेशेजारी बसलेल्या मुली,

आधी रद्दीवाल्याला थांबव. बाकीचं सावकाश बोलू.

शके १८५५ म्हणजे काय ते आधी सांगते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघात जानेवारी उजाडून गेला असेल तर ७९. तेव्हा तुझी प्रस्तावना १९३३ च्या पाडव्याची. मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकाचं वय काढायच्या आणखीही खुणा आहेत. ‘घरांत’, ‘नांव’, ‘कांहीं’ असे डोक्यावर अनुस्वार भरलेले असतील तर पुस्तक बहुधा १९६२ च्या आधीचं. शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ही टिंबं पुसली गेली. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदणी केल्याची ओळ दिसली तर मात्र जपून हाताळ, बरंच जुनं असू शकेल. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बघ, तिथे छापखान्याचं नाव असतं, बऱ्याचदा पेठेसकट.

हा हिशेब उगाच नाही सांगितला. तुझे बाबा ‘काळच तसा होता’ म्हणतात ना, त्या काळाला एकदा साल लावलं की बोलणं सोपं होतं. १९३३. त्याच साली ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, ते टोपणनाव. शिकलेल्या, वय वाढलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात लिहिलेलं. केवढा गदारोळ झाला. ही बाई आहे तरी कोण, याचीच चर्चा. ती बाई म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या. आणि हिंगणे म्हणजे कुठे? तुझं कर्वेनगर. जुनं हिंगणे बुद्रुक. तुमच्या सोसायटीचं पार्किंग कुठे आणि बिल्डर किती चौरस फूट जास्त देतो यावर भांडणं चालली असतील, त्याच परिसरात १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभी केली आणि १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं. तुझं पुस्तक लिहिणारे गृहस्थ पुण्यातले असतील तर ही झोपडी त्यांना ठाऊक असणारच. काळ तसाही होता आणि असाही होता. गृहस्थांनी त्यातला एक निवडला.

पण बाबांना पूर्ण खोडून काढू नकोस हं. झोपडी हिंगण्याला होती, गावाबाहेर. सदाशिव पेठेत नव्हती. तशी संस्था सदाशिव पेठेतून सुरू होऊनच तिकडे गेली. गावातल्या बहुतेकांचं मत तुझ्या बिनमुखपृष्ठाच्या पुस्तकासारखंच होतं, आणि ते काय होतं हे कळायला ते पुस्तकच लागतं. कर्व्यांचं चरित्र वाचून कर्वे कळतात. ते कोणाशी भांडत होते, ते तुझ्या ट्रंकेत आहे.

आता मी अशी पुस्तकं कशी वाचते ते सांगते. पुणेरी पाटीसारखी.

‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ अशी पाटी वाचल्यावर तुला काय कळतं? घरमालक तिरसट आहे, हे तर कळतंच. पण त्याहून पक्कं हे कळतं, की दुपारी १ ते ४ कोणीतरी बेल वाजवत होतं. एकदा नाही, पुष्कळदा. कोणी थुंकतच नाही तिथे ‘येथे थुंकू नये’ लिहायला कोण रंग आणील? उपदेशाचं पुस्तक ही लांबलचक पाटी असते. मुलींनी फार शिकू नये यावर तुझ्या गृहस्थांनी किती पानं खर्च केलीत ते मोज. मी पैज लावते, बरीच असतील. दाखले असतील, एखादा संस्कृत श्लोक असेल, विलायतेतल्या बायकांची दुर्दशा असेल. म्हणजे १९३३ साली मुली शिकायला लागल्या होत्या, मजेत शिकत होत्या, आणि गृहस्थांची झोप उडाली होती. ती प्रकरणं वाचून तुला चीड आली असेल. मला तर त्या न दिसणाऱ्या मुलींची चाहूल लागते, पुस्तकभर.

आता दुसरी गोष्ट बघ. ‘कोणाच्या हातचं खाऊ नये’ या यादीला किती जागा दिलीय? तुझ्या पत्रावरून वाटतं, यादीच आहे नुसती. कारण नाही, श्लोक नाही, समजावणं नाही. तिथे पाटी नाही, कारण त्याच्या वाचकांपैकी कोणी ती बेल वाजवतच नव्हतं. जिथे लेखक तावातावाने बोलतो तिथे भांडण चालू असतं. जिथे तो सहज सांगून पुढे जातो, तिथे लिहिणारा आणि वाचणारा दोघं एकमेकांना सामील असतात. जुनं पुस्तक वाचताना मी पेन्सिल घेऊन बसते ती या दुसऱ्या जागांसाठी.

तुझ्या मैत्रिणीचं बोट नेमकं तिथे पडलं.

त्या यादीच्या पलीकडून कोणी बोललंच नव्हतं, असंही समजू नकोस. याच पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदाएक वर्षांच्या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद वाचायची आम्हाला मनाई, मग आमचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक प्रश्न तिने त्यात विचारला होता. तुझ्या पुस्तकाच्या ७८ वर्षं आधी. म्हणजे यादी करणाऱ्याला उत्तर आधीच मिळालेलं होतं. त्याने ते वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं. त्या निबंधाचा मजकूर आज सहज मिळतो, तीन-चार पानांचाच आहे. तुझ्या गृहस्थांचं पुस्तक पुढे वाचण्याआधी तो वाच. मध्ये दिवस जाऊ देऊ नकोस, एकाच बैठकीत दोन्ही.

आता मैत्रिणीबद्दल. ती वाचायला नको म्हणते ते तिच्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. जे तिच्या आजी-पणजीला रोज तोंडावर ऐकावं लागलं, ते तिने विकत घेऊन, चष्मा लावून पुन्हा का वाचावं? तू वाच, तिला वाचायला लावू नकोस, आणि ‘अगं, ऐतिहासिक मोल आहे’ असलं प्रवचन तर अजिबात देऊ नकोस. तुझी चूक वाचण्यात नव्हती. ती यादी तू गंमत म्हणून वाटलीस, तिथे होती. फोटो डिलीट केलास म्हणतेस. मग? माफी मागितलीस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मेसेजवर नको. तिच्या ऑफिसखाली जा, चहा पी, आणि ‘माझं चुकलं’ एवढंच म्हण. ‘चुकलं असेल तर’ नको.

मी हे इतकं ठासून सांगतेय, कारण माझं स्वतःचं एक उणं आहे.

माझ्या सासूबाईंकडे पाकक्रियांचं एक जुनं पुस्तक होतं, पानशेतच्या पुरात भिजलेलं. १२ जुलै १९६१. त्याची खालची दोन बोटं अजून चिखलाच्या रंगाची आहेत. लग्नानंतर मी त्यातून अनारसे करायला घेतले. मापं शेरात आणि माशात. शेर गावोगावचा वेगळा, त्यात वजनाचा वेगळा आणि मापाचा वेगळा. बाकी सगळं ‘अंदाजाने’. माझे अनारसे तुपात हसले, म्हणजे विरघळूनच गेले. ते असो. त्या पुस्तकात लोणच्याच्या कृतीत, मीठ-मोहरीच्या बरोबरीने, बरणीला कोणाकोणाचा हात लागू देऊ नये तेही लिहिलेलं होतं. जणू तोही एक मसाला. मी ते पन्नास वेळा वाचलं असेल. काही वाटलं नाही.

आमच्या मोरीशेजारच्या कोनाड्यात एक कपबशी असायची. कपाचा कान तुटलेला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्यातून चहा द्यायचा, आणि तो कप त्यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. मला हे कोणी शिकवलं नाही. सासूबाईंनी एका शब्दाने सांगितलं नाही. मी घरात आले, बघितलं, आणि अकरा वर्षं त्याच कपात चहा दिला. एका उन्हाळ्यात लोणचं घालताना ती ओळ पुन्हा वाचली, सहज मान वर केली, आणि समोर तो कोनाडा. दुपारी मी चांगल्या कपात चहा दिला. बाईंनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आज पाव्हणं येणारेत काय?’

ते पुस्तक त्या ओळीसकट माझ्याकडे आहे. ती ओळ गाळून छापलेली नवी आवृत्ती असती, तर मला लोणचं जमलं असतं आणि कोनाडा दिसला नसता.

आता बाकीच्या दोन पुस्तकांविषयी थोडं. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, बाबा पदमनजींचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत नाव पाठ करतात आणि वाचत कोणी नाही. खरं सांगायचं तर गोष्ट म्हणून कंटाळवाणं आहे, मला दोनदा डुलकी लागली. लेखकाने तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला, त्यामुळे प्रत्येक दुःखाची वाट शेवटी एकाच दारात जाऊन थांबते. पण यमुना प्रवासात भेटलेल्या एकेका विधवेचं ऐकून घेते, ते वाच. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ साली झालेला. कायदा झाला म्हणजे काय झालं आणि काय झालं नाही, ते त्या बायकांच्या तोंडून येतं. धर्माच्या प्रवचनाची पानं भरभर उलटलीस तरी मी रागावणार नाही.

गोडसे भटजींचं मात्र एकही पान उलटू नकोस. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक, घरात कर्ज, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, म्हणून उत्तरेकडे निघतो आणि सापडतो थेट सत्तावनच्या धामधुमीत. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत! लिहिलंय पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून. ऐकीव गोष्टी डोळ्यांनी बघितल्यासारख्या सांगतो. आपला धर्म बुडवायला सरकारने कलमांची यादी काढली, ही अफवाही तो खरी म्हणून देतो. इतिहास म्हणून ते चूक आहे. पण फौजेतल्या आणि बाजारातल्या माणसांनी काय खरं मानलं म्हणून ते पेटले, हे सांगायला त्या चुकीइतका चांगला साक्षीदार सरकारी कागदात सापडत नाही. मधूनच त्याचं भिक्षुकाचं मन डोकावतं: दक्षिणा किती, जेवायला काय होतं. घरी परतताना गंगेची कावड खांद्यावरून आणून आईवडिलांना स्नान घालतो. मला तो माणूस आवडतो. त्याची जातीची उतरंड पक्की आहे, तीही दिसते, आणि तरी आवडतो. तुझ्याकडची आवृत्ती कोणती ते तेवढं बघ. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा बराच हात फिरवला होता. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती पुष्कळ नंतरची. दोन्ही शेजारी ठेवून वाचलीस तर वैद्यांना काय छापायला अवघड वाटलं तेही कळेल. शोधायला पुणे नगर वाचन मंदिर आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहे. तुला घरून लांब नाहीत.

ट्रंकेतलं सगळंच सोनं आहे असं मात्र धरून बसू नकोस. जुनं म्हणून प्रत्येक पान जपायचं म्हटलं तर पुण्यात माणसांना राहायला जागा उरणार नाही. जुनी गाइडं, दिवाळी अंकांची फाटकी पुठ्ठी, सुटे फॉर्म देऊन टाक बाबांच्या रद्दीवाल्याला, त्यांचंही समाधान होऊ दे. जी ठेवशील त्यांना सेलोटेप लावू नकोस; काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. एक दिवस सावलीत, वाऱ्यावर पसर. कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झटक, मग वेखंडाची पुरचुंडी घालून ठेव. कुठल्या ग्रंथालयाला द्यायची झाली तर आधी यादी करून विचार. ट्रंक रिक्षात घालून दारात जाऊन उभी राहू नकोस.

राहिली पेन्सिल.

१९५१ साली तुझे आजोबा विसाच्या आसपास होते. अप्पा बळवंत चौकात सहा आण्यांना जुनं पुस्तक घेतलं, तेही मुलींना उपदेश करणारं. मुलींसाठीचं पुस्तक विशीतला मुलगा का विकत घेतो, याचा विचार केलास का? मला तर वाटतं, घरात लग्नाचं बोलणं चालू असणार. समासात उद्गारचिन्ह देऊन लिहिणारा माणूस बहुतेक वेळा कोणालातरी उत्तर देत असतो, आणि ते कोणीतरी शेजारच्या खोलीत असतं. आई असेल, बहीण असेल. की पुढे तुझी आजी झालेली मुलगीच? ते मला इथे बसून कळणार नाही. पण वाक्याला ‘अगदी खरे!’ म्हणावंसं वाटलं, म्हणजे कोणीतरी ते खोटं म्हणत होतं.

तेव्हा त्या दोन शब्दांनी रांगेतले आजोबा खोटे ठरत नाहीत, आणि रांगेतल्या आजोबांनी ते दोन शब्द पुसलेही जात नाहीत. विसाव्या वर्षीचा तो मुलगा आणि ८२ व्या वर्षी डबा घेऊन उभा असलेला म्हातारा यांच्यामध्ये ६२ वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत कोणीतरी त्यांना बदलवलंय. ते काम कोणी केलं ते शोध. माझा संशय आजीवर आहे.

मला खटकलं ते वेगळंच. उपदेशाच्या वाक्याशेजारी आजोबांनी खूण केली. यादीच्या पानावर केलीय का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुधा पान कोरंच असेल. ते पान त्यांनी न थांबता उलटलं. मी कोनाडा उलटला. तू हसून फोटो काढलास. आजोबांचा राग करायचाच असेल तर ‘अगदी खरे!’पेक्षा त्या कोऱ्या समासाचा कर, आणि मग मलाही त्यात घे.

खोडरबर लावू नकोस. पान फाडू नकोस. बाबांना ते पान दाखव; ‘काळच तसा होता’ हे त्यांनी न वाचता म्हटलंय, असं मला वाटतं. आणि बाबांना बहीण असेल, म्हणजे तुला आत्या, तर तिला फोन कर. रविवारी दुपारी नको, झोपलेली असेल. साडेचारनंतर, चहा झाल्यावर. ती मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकवायचं की नाही यावरून घरात काय झालं होतं, एवढंच विचार. मग गप्प बसून ऐक. नावं, वर्षं, कोण काय म्हणालं ते कागदावर टिपून घे, आणि तो कागद त्याच पानात ठेव. खाली तारीख घाल. आजोबांनी घातली होती तशी, महिन्यासकट.